नियम उल्कालाही

रविवारी दुपारी बेल पुन्हा वाजली. मैत्रीने दार उघडलं नाही, फक्त आतून विचारलं, "कोण?"

"तुम्हीच बोलावलंय ना," बाहेरचा पुरुष म्हणाला. "प्रोफाइलवर पत्ता दिलाय की."

सकाळपासून अनोळखी पुरुषांचे फोन येत होते. आता माणसं दारात यायला लागली. ऑर्कुट या सोशल साइटवर कुणीतरी तिच्या फोटोचं खोटं प्रोफाइल काढलं होतं. त्यात तिचा मोबाइल नंबर होता, औंधचा पत्ता होता आणि वाचायलाही लाज वाटेल असा मजकूर.

कुणी, हे तिला लगेच कळलं.

दोन वर्षांपूर्वी, २००५ मध्ये, मैत्री अकोल्याहून हिंजवडीच्या कंपनीत नोकरीला आली, तेव्हा आडनाव ऐकून तिला बऱ्याच घरांतून परत पाठवलं गेलं होतं. त्या रागात तिने ऑर्कुटवर 'पुण्यात खोली हवी' ही कम्युनिटी सुरू केली. बघता बघता तिथे हजारो लोक जमले. खोलीबरोबर डबा मिळू लागला, रक्त हवं असलं तर रक्तदाता मिळू लागला. एकमेकांना कधीही न भेटलेली माणसं एकमेकांची विचारपूस करू लागली. नियम दोनच होते. जात विचारायची नाही आणि दुसऱ्याचा नंबर त्याला न विचारता टाकायचा नाही. मोडला तर बाहेर.

गेल्या आठवड्यात खराडीच्या अनिरुद्धने 'फ्लॅटमेट हवा, आपल्यातलाच' असं लिहिलं. तिने ते काढलं. त्याला बोलायचं होतं म्हणून तिने आपला नंबर दिला. "तुम्ही कोण मोठ्या लागून गेलात?" एवढंच तो फोनवर म्हणाला. तिने त्याला कम्युनिटीतून काढलं. तो नंबर तिने कम्युनिटीत दुसऱ्या कुणालाच दिला नव्हता. पत्ता मात्र खोलीतली दुसरी कॉट रिकामी झाली तेव्हा तिनेच टाकला होता.

बाहेरचा माणूस दारावर थापा मारायला लागला. खालून घरमालकीण मथुराबाईंचा आवाज आला. "जिना उतरा. पोलिसांना फोन लावलाय." पावलं खाली गेली. मग त्या वर आल्या. "मैत्री, हे असंच चालणार असेल तर दुसरी जागा बघ."

मैत्रीने कम्युनिटीत सगळं लिहिलं. तासाभरात हडपसरहून कम्युनिटीतली उल्का स्कूटीवर आली. मागोमाग आणखी काही जण आले. यातल्या कुणालाच मैत्रीने आधी पाहिलं नव्हतं. दोघं जिन्यात बसले आणि येणाऱ्यांना परत पाठवत राहिले. बाकीच्यांनी सायबर कॅफेतून, घरून ते प्रोफाइल रिपोर्ट करायचा सपाटा लावला. उल्का तिला चौकीत घेऊन गेली आणि तक्रार नोंदवून घेईपर्यंत खुर्चीवरून उठली नाही. संध्याकाळी प्रोफाइल गेलं.

मैत्रीने लॅपटॉप उघडला. कम्युनिटीत अनिरुद्धचा मोबाइल नंबर होता, ऑफिसचा नंबर होता, घरचा पत्ता होता. खाली लोक लिहीत होते, 'आत्ताच लावला. आई रडत होती त्याची.' 'उद्या ऑफिसच्या गेटवर गाठू.' 'पोरं घेऊन येतो.'

हे सगळं उल्काने शोधून टाकलं होतं. ती शेजारीच बसून चहा पीत होती.

"काढ ते," मैत्री म्हणाली.

"का? तुझ्या दारात माणसं आली तेव्हा त्याला दया आली का?"

"त्याच्या आईने काय केलंय? आणि उद्या गेटवर कुणी त्याला मारलं तर?"

"खाऊ दे मार."

मैत्रीने चर्चेचा तो धागा काढून टाकला. लगेच दुसरा सुरू झाला. तोही काढला. 'तू त्याला सामील आहेस,' असं कुणीतरी तिला लिहिलं. त्याचा नंबर टाकणाऱ्यांचं एकेक नाव ती कम्युनिटीतून काढत राहिली. शेवटी उल्काच्या नावावर येऊन थांबली.

"मलाही काढणार?" उल्काने विचारलं.

"नियम आहे."

"मी दिवसभर तुझ्यासाठी बसले, मैत्री."

"माहितीये," मैत्री म्हणाली आणि बटण दाबलं.

उल्का हेल्मेट घेऊन उठली. मैत्री तिच्यामागे जिन्यापर्यंत गेली.

अनिरुद्धला चौकीत बोलावलं गेलं. त्याने गुन्हा कबूल केला. गेटवर कुणी गेलं नाही. निम्मे लोक कम्युनिटी सोडून गेले. मथुराबाईंनी जागेचा विषय पुन्हा काढला नाही. उल्काने मात्र कितीतरी महिने मैत्रीचा फोन उचलला नाही.