हाकलून देताना

ताईने शिवून तयार झालेल्या कोटाची कॉलर पुन्हा उसवायला घेतली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडाचा पट्टा चालूच होता. मध्येच स्वतःच्याच बोलण्यावर ती खदखदून हसली. पाणी तसंच वाहत राहिलं.

धाकटी बहीण दुकानाच्या दारात उभी होती. कित्येक आठवडे ताई भिंतीकडे तोंड करून पडून होती. सकाळी भावजींचा फोन आला होता. "उठली, कामाला लागली. सुटलो बाबा!"

कोट ज्यांचा होता त्या बाई आत आल्या आणि उसवलेली कॉलर पाहून जागीच थबकल्या.

"अहो, संध्याकाळी घालायचाय मला तो!"

"कॉलर कशाला हवी?" ताई म्हणाली. "मान आहेच कुठे तुम्हाला?"

बाई तणतणत निघून गेल्या. धाकटी माफी मागत पायरीपर्यंत त्यांच्यामागे जाऊन आली.

"लोटांगण घालायचं होतंस," ताई कडाडली. "तेवढंच जमतं तुला. आईच्या आजारपणात चार दिवस काय राहिलीस, जन्मभर मिरवलंस. इथे डोकं नुसतं भणभणतंय माझं, आणि तू काळजीचं तोंड करून उभी! चालती हो."

आईचं नाव वर्मी लागलं. धाकटीने पर्स उचलली आणि वळली. ती उंबऱ्याशी पोचली तशी मागची बडबड एकदम थांबली.

तिने वळून पाहिलं. ताईचे हात कोटावर निश्चल होते. नजर धाकटीच्या पावलांवर होती, ती कधी एकदा बाहेर पडते याची वाट पाहत असल्यासारखी.

अंथरुणावर असताना ताई एकदाच बोलली होती, "उठायचं बळ असतं ना, तर केव्हाच संपवलं असतं सगळं."

धाकटीने शटर अर्धं खाली ओढलं आणि स्टुलावर येऊन बसली.

"बहिरी आहेस का? जा म्हटलं ना!"

"ऐकलं."

"मग?"

"बसलेय."

"कोडगी मेली!" ताईने कोट तिच्या अंगावर भिरकावला. धाकटीने तो मांडीवर घेतला आणि ताईच्या डॉक्टरांना फोन लावला. तोंडावर हात आडवा धरून ती हळूच सांगू लागली, "नाही हो, उठलीय, पण बरी नाहीये..."

"कुजबुजतेस काय?" ताई ओरडली. "स्पीकरवर टाक. त्यालाही ऐकू दे."