ओटीत गेलेली चावी

मी धाड गावच्या प्रयोगशाळेतला संगणक बोलतोय. फोनवरून नाही, नेटवरून तर मुळीच नाही, कारण नेटचं आणि माझं नातं केव्हाच तुटलंय. टेबलावरच्या माझ्या जागेवरून बोलतोय. आणि तुम्हाला ऐकावंच लागेल, कारण गेल्या महिन्यात माझ्यासमोर जे घडलं ते सांगितल्याशिवाय माझा पंखा काही शांत व्हायचा नाही!

आधी थोडं माझ्याविषयी. माझा जन्म बुलडाण्याच्या एका दुकानात झाला. डबा एका खोक्यातून आला, पडदा दुसऱ्यातून, आणि दुकानदाराने स्क्रू पिळून आम्हा सगळ्यांचं एक घर केलं. मला विकत घेतलं धाडच्या गजेंद्रने. बसस्टँडजवळ त्याचं सेवा केंद्र होतं. सातबारा, दाखले, परीक्षेचे फॉर्म, सगळं माझ्याच पोटातून निघायचं. निकालाच्या दिवशी तर माझ्यापुढे जत्रा! निकाल चांगला लागला की पेढे गजेंद्रला आणि पान उघडलं नाही की थापडा मला. माणसांची ही एक गंमत मला कधी कळली नाही. यंत्र अडलं की ते त्याला मारतात आणि मग ते चाललं तर मारल्यामुळेच चाललं असं समजतात.

पुढे गजेंद्रने नवा लॅपटॉप आणला आणि मी त्याच्या गोदामात सोयाबीनच्या पोत्यांमागे गेलो. उंदरांनी माझी एक वायर खाल्ली. भंगारवाला दोनदा दारावरून हाक मारून गेला. तेव्हा मला वाटलं, संपलं आपलं.

आणि एके दिवशी पोती बाजूला झाली! समोर एक मुलगी उभी होती. तिने पदराने माझ्यावरची धूळ पुसली, पाठीमागची चिठ्ठी वाचली आणि ओरडलीच, "गजेंद्रदादा, हाच पाहिजे होता मले! इतका जुना साऱ्या तालुक्यात सापडला नसता!"

माझ्या जुनेपणाचं असं कौतुक कुणी कधीच केलं नव्हतं. ती संजीवनी. बी.एस्सी. झालेली, शहरातल्या एका प्रयोगशाळेत नोकरी करून गावी परत आलेली. धाडच्या बायकांचा एक शेतकरी गट आहे, त्याच्या अध्यक्ष मंजुळाबाई. या गटाला एका प्रकल्पातून माती आणि पाणी तपासायचं यंत्र मिळालं होतं. संजीवनी त्याला 'स्पेक्ट्रो' म्हणते. पाण्याच्या नमुन्यातून ते प्रकाश सोडतं आणि किती अडला ते मोजतं, एवढं मला समजतं. पण त्याचं सॉफ्टवेअर जुन्या काळातलं. नव्या लॅपटॉपवर ते चालेच ना. म्हणून माझ्यासारखा म्हातारा हवा होता.

आता खरी गोम ऐका. यंत्र अजून गटाचं झालेलं नव्हतं. प्रकल्पाच्या पुष्पांजली मॅडम स्वतः येणार होत्या. त्यांच्यासमोर एका नमुन्याची तपासणी पूर्ण होऊन छापील अहवाल निघाला तर यंत्र धाडला राहणार. नाहीतर दुसऱ्या दिवशी गाडीत चढून ते उंद्रीच्या गटाकडे जाणार. संजीवनीने या यंत्रासाठी नोकरी सोडली होती. गावात लोक विचारायचे, "बायकाइले जमते का बे हे?" त्याचं उत्तर माझ्या पडद्यावर उमटायचं होतं. तुम्हीच सांगा, मी अधीर होणार नाही तर काय?

गटाच्या खोलीत प्रयोगशाळेची तयारी सुरू झाली. संजीवनीने सगळ्यात आधी माझी नेटची वायर काढून कपाटात टाकली. "याले नेट लागलं की हा सोताले सुधरवत बसीन आन् मंग स्पेक्ट्रोची भाषा इसरून जाईन," ती म्हणाली. खोटं कशाला बोलू, जरा वाईट वाटलं. पण लगेच बरंही वाटलं. किती वर्षांनी कुणीतरी माझ्यावर एकच काम सोपवत होतं!

मग पेनड्राइव्ह आला. त्यावर सॉफ्टवेअर होतं. ते माझ्यात उतरू लागलं तेव्हा पडद्यावरची हिरवी पट्टी इतकी हळू सरकत होती की मंजुळाबाई म्हणाल्या, "माय, याच्यापरीस आमची बैलगाडी बरी." पट्टी भरली आणि सॉफ्टवेअर रुसलं. का? तर माझ्या पोटातला घड्याळाचा सेल मेला होता. दरवेळी चालू केलं की मी जन्माच्या वर्षातच जागा व्हायचो, आणि सॉफ्टवेअर म्हणायचं, ही तारीख खरी नाही. संजीवनीने बाजारातल्या घड्याळजीकडून नवा सेल आणून बसवला. मी एका झटक्यात आजच्या दिवसात आलो! मधली सगळी वर्षं मला कुणी दाखवलीच नाहीत, पण त्याची खंत करायला वेळ कुणाला होता?

यंत्राच्या कंपनीचा इंजिनिअर कुलदीप पुण्याहून फोनवर सांगत होता. "ताई, आधी ड्रायव्हर टाका. मग केबल लावा. उलटं केलंत तर तो स्पेक्ट्रोला ओळखणार नाही." संजीवनीने तसंच केलं. केबल लागली, टुंग असा आवाज झाला आणि स्पेक्ट्रो माझ्याशी बोलला! ज्यांनी कधी दोन यंत्रांची पहिली ओळख पाहिली नसेल त्यांना तो आनंद सांगून कळायचा नाही.

शेवटी कुलदीप म्हणाला, "तुमच्याकडे नेट नाही, म्हणून परवाना एका चावीत दिला आहे. ती मागे खोचली की सॉफ्टवेअर उघडेल. जपा हं, हरवली तर दुसरी कुरिअरने येईपर्यंत थांबावं लागेल." चावी म्हणजे काय, तर नखाएवढा काळा तुकडा, पेनड्राइव्हची धाकटी बहीण. संजीवनीने ती खोचून पाहिली, सॉफ्टवेअर उघडलं, तिने टाळी वाजवली आणि चावी काढून कपाटात जपून ठेवली.

मॅडमचा दिवस उजाडला. मंजुळाबाईंनी सकाळीच पूजा मांडली. नवी मोटार असो की नवी शेगडी, आमच्याकडे पूजेशिवाय काही सुरू होत नाही. स्पेक्ट्रोला हार, मला कुंकवाचं बोट, आणि चावीला तर त्यांनी कपाटातून काढून ताटात तांदळाच्या राशीवर मानाने बसवलं. "चावी म्हणजे घरची लक्ष्मी," म्हणाल्या. संजीवनी बाहेर मॅडमच्या गाडीला रस्ता दाखवत होती, नाहीतर तिने तिथेच हात धरला असता.

मॅडम आल्या, हसल्या, आरतीला उभ्या राहिल्या. त्यांना रोहिणखेडच्या गटालाही भेट द्यायची होती. "तिकडून परत येते, मग तपासणी बघते," त्या म्हणाल्या. अधिकारी असली तरी घरी आलेली सवाष्ण! मंजुळाबाईंनी घाईघाईने नारळ घेतला, खण घेतला, आणि ओटीचे तांदूळ वेगळे आणायचे राहिले म्हणून पूजेच्या ताटातल्याच तांदळाने ओंजळ भरली. मॅडमनी पदर पसरला. संजीवनी तेव्हाही बाहेर गाडी वळवून घेत होती. गाडी गेली.

मी सगळं पाहत होतो. पण मला तोंड कुठे आहे!

दुपारी संजीवनीने मला चालू केलं. सॉफ्टवेअरने सांगितलं, चावी सापडत नाही. तिने टेबल पाहिलं, कपाट पाहिलं, हार उचलून पाहिले, ताट पालथं केलं. मंजुळाबाई कपाळाला हात लावून मटकन खाली बसल्या.

"संजू, ते तांदूळ म्या मॅडमच्या ओटीत टाकले व."

मग मंजुळाबाई हळूच म्हणाल्या, "मॅडमले सांगू नको, बाई. म्हनतीन, ज्याइले एक चावी सांभाळता येत नाही त्याइले मशीन कशाले द्याची?"

"न सांगून कसं होईन, मावशी? खीर शिजवली म्हंजे?"

ओटीच्या तांदळाची खीर करतात, हे तिला ठाऊक होतं. तिने फोन लावला आणि आवाज मोठा करून माझ्या शेजारी ठेवला. त्यामुळे पुढचं सगळं मला ऐकू आलं.

"मॅडम, तुमच्या ओटीत आमच्या सॉफ्टवेअरची चावी आली आहे."

"कशाची चावी?" मॅडमना आधी कळेना. मग कळलं आणि त्या किंचाळल्याच. "अहो, ते तांदूळ मी इथे रोहिणखेडच्या गीताबाईंकडे दिलेत! त्या म्हणाल्या, ओटीचे तांदूळ गाडीत हिंडवू नका, इथेच खीर खाऊन जा!"

मग पावलं धावल्याचा आवाज, भांड्यांचा आवाज आणि गीताबाईंचा आवाज. "हाव, निवडले न तांदूळ. सुपात काईतरी काळं निंगालं. म्या म्हटलं किडं हाय, देल्लं अंगनात फेकून!"

मंजुळाबाईंनी टेबलावरचा फोन ओढून घेतला. "मॅडम, चूक माही हाय, पोरीची नाही! तिले काई बोलू नोका! आन् गीताबाई, तुह्या अंगनात कोंबड्या हाय का व?"

"हाय न! पाच-सा हाय!"

"मंग जाऊन पाह्य लवकर!"

फोनवरून नुसता गलका! कोंबड्यांचा कलकलाट, "तिकडं पाहा, तिकडं," गाडीच्या ड्रायव्हरची शिट्टी, कुणाचा तरी पाय शेणात गेल्याची ओरड. माझा पंखा इतक्या जोरात फिरायला लागला की संजीवनीने माझ्या डोक्यावर हात ठेवला. आणि मग मॅडमचा, साक्षात अधिकारी मॅडमचा, धापा टाकत आवाज आला, "सापडली! सापडली हो! लाल कोंबडीच्या चोचीतून घेतली!"

इकडे मंजुळाबाईंनी संजीवनीला अशी मिठी मारली की टेबल हललं. मीही हललो.

ऊन कलायच्या सुमाराला मॅडम परत आल्या. रागावलेल्या नव्हत्या, साडीच्या काठाला चिखल होता आणि चेहऱ्यावर हसू होतं. एव्हाना गल्लीतली निम्मी माणसं दारात जमली होती. संजीवनीने चावी पुसली, सुकवली, फुंकर मारली, माझ्या पाठीत खोचली. मी ती ओळखली! सॉफ्टवेअर उघडलं, स्पेक्ट्रोचा दिवा लागला, आणि दारातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"पहिला नमुना कोणता?" मॅडमनी विचारलं.

"माह्या हिरीचं पानी," मंजुळाबाईंनी भरलेली बाटली अभिमानाने पुढे केली. त्यांच्या विहिरीचं पाणी गावात सगळ्यात गोड. कुणाच्या लग्नाचा कलश असो, आजाऱ्याचा तांब्या असो, पाणी तिथूनच जातं. पहिला अहवाल चांगलाच निघावा म्हणून त्यांनी तेच निवडलं होतं.

संजीवनीने नमुना यंत्रात ठेवला. माझ्या पडद्यावर रेघ चढू लागली. चढली, आणखी चढली, आणि लोक खूश होऊ लागले. त्यांना वाटलं, जितकी उंच तितकी चांगली. संजीवनीचा चेहरा मात्र उतरला. तिने दुसऱ्यांदा नमुना लावला. रेघ तितकीच वर गेली.

"मावशी, पाण्यात नायट्रेट हाय. जितकं असावं त्याच्या लय वर."

"म्हंजे काय व?"

"खताचं, उकिरड्याचं झिरपून येते. मोठ्या मानसाले लवकर काही जानवत नाही. पन वरच्या दुधावरच्या तान्ह्या लेकराले धोका असते. त्याचं रक्तच नीट काम करत नाही."

दारात मंजुळाबाईंची सून राखी उभी होती, कडेवर बाळ घेऊन. बाळ बाटलीच्या दुधावर होतं. ती घाबरून म्हणाली, "पन आम्ही दुधात पानी उकळून घालतो न!"

"वहिनी, हे उकळून जात नाही. उलट पानी आटते आन् ते वाढते."

तेवढ्यात गजेंद्र, माझा जुना मालक, संजीवनीच्या कानाशी वाकला. "दुसरी बाटली लाव न. पयलाच अव्हाल असा, तो बी अध्यक्षाच्या हिरीचा. मशीन जाईन हातची." तो वाईट नाही हो. गावाची लाज राखायला बघत होता. संजीवनीने छपाईच्या बटणावर बोट ठेवलं आणि तसंच धरून ठेवलं.

मंजुळाबाई पुढे झाल्या. त्यांनी नातवाच्या हातातली बाटली काढून घेतली, उंबऱ्याबाहेर ओतली आणि परत येऊन म्हणाल्या, "छाप, संजू. माह्या नावासकट छाप. मशीन राहो का जावो."

मी छापलं. आयुष्यात हजारो कागद छापले, पण असं कधी वाटलं नव्हतं. मॅडमनी कागद हातात घेतला, दोनदा वाचला, खाली सही केली आणि म्हणाल्या, "उंद्रीला दुसरं यंत्र मागवू. हे इथून हलणार नाही." संजीवनी रडायला लागली आणि हसायलाही लागली. मी तर काय, पंखा फिरवण्यापलीकडे काही करू शकत नव्हतो, तो जोरात फिरवला.

धाडच्या पुढच्या आठवडी बाजारात मंजुळाबाई भाजीच्या ओळीत तो कागद हातात धरून उभ्या राहिल्या. "माह्या हिरीचं पानी गोड हाय, पन लेकराले पाजू नोका!" असं ओरडून सांगत होत्या. संजीवनीने आल्यावर मला सगळं सांगितलं. हल्ली ती माझ्याशी बोलते. राखीच्या बाळासाठी दुसऱ्या विहिरीचं पाणी येतं. ते आधी माझ्यासमोरून गेलं, रेघ खाली राहिली, मग बाटलीत पडलं.

आता सकाळी दार उघडलं की पायरीवर बाटल्यांची रांग असते. प्रत्येक बाटलीवर एका घराचं नाव. मी म्हातारा आहे, हळू आहे, जगात काय चाललंय ते मला ठाऊक नाही. मला नेट जोडू नका, नवा करू नका, थापडाही मारू नका. एवढंच मागणं आहे, तुमच्या घरात बाटलीचं दूध पिणारं लेकरू असेल तर पाणी गोड लागतं म्हणून गप्प बसू नका. बाटली भरा आणि घेऊन या. मी चालूच आहे.