काकी, जरा पुढे येवा

पहिल्या लग्नाच्या फोटोंची ऑर्डर मिळाली, तेव्हा सारिकाकडे स्वतःचा कॅमेराच नव्हता. भौतिकशास्त्राची पदवी होती आणि शिकवण्या घेऊन साठवलेले थोडे पैसे होते. त्या पैशांत एक तर नवाकोरा कॅमेरा, त्याच्याबरोबरची झूम लेन्स आणि मोठा फ्लॅश येत होता. नाही तर कुणीतरी वापरलेला जुना कॅमेरा आणि पन्नास मिलिमीटरची एक बुटकी लेन्स. तिच्यात झूम नाही. माणूस मोठा दिसायला हवा तर आपणच चालत जवळ जायचं.

“मोठो दिसता तो घे,” आईने निकाल दिला. “लग्नात लोक आधी कॅमेरो बघतत, फोटो मागसून.”

आईचं अगदीच चूक नव्हतं. म्हणून सारिका मालवणला गुरुदासमामांकडे गेली. मामांनी उभं आयुष्य लग्नांचे फोटो काढले होते. आता डोळ्यांमुळे स्टुडिओ बंद केला होता. त्यांनी तिची सगळी आकडेमोड ऐकून घेतली आणि कपाटातून आपला कॅमेरा चार दिवसांपुरता काढून दिला, झूम, फ्लॅश आणि पन्नासची लेन्स यांच्यासकट.

“लेन्स घरात बसान निवडूची नाय गो. लग्नाच्या घराक जा. उजेड खंयसून येता, माणसां खंय बसतत, तां बघ. मगे ये.”

लग्न वालावलच्या भक्तीचं होतं. शाळेत सारिकाच्या मागच्या बाकावर बसणारी भक्ती. सारिका पोचली तेव्हा घरासमोरच्या खळ्यात मांडवाचे खांब उभे राहिले होते. पडवीत भक्तीभोवती बायकांचा घोळका होता. समोर खुर्चीत हौसाबाई, भक्तीच्या वडिलांच्या मावशी, कोणी काय करायचं ते बसल्या जागेवरून सांगत होत्या. सारिकाने कॅमेरा डोळ्याला लावला. तेवढ्यात चहाचा ट्रे घेऊन एक बाई चौकटीत आली.

“काकी, जरा बाजूक व्हा,” सारिका सहज म्हणाली.

बाई लगेच बाजूला झाली. इतकी लगेच, की जणू तिला ते सांगायचीही गरज नव्हती. ती शेवंतीकाकी होती, भक्तीची आत्या. भक्तीची आई ती रांगत असतानाच गेली. तिला न्हाऊमाखू घालून वाढवली ती या विधवा आत्यानेच.

मग सारिका अंधारात लेन्सची परीक्षा घ्यायला माजघरात शिरली. तिथे एका लहान खिडकीशी बसून शेवंतीकाकी भक्तीच्या शालूला फॉल लावत होती. झूम लावून काढलेला फोटो हलला. फ्लॅशने पुढचा शालू पांढराफटक पडला आणि मागे काळोख. बुटकी लेन्स लावली, तर खिडकीतला तेवढासा उजेड काकीच्या गालावर, सुईवर, पुटपुटणाऱ्या ओठांवर जसाच्या तसा उतरला. ही लेन्स जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते, हे सारिकाला गणिताने माहीत होतं. आज ते दिसलं.

“माझो काढलंस? पूस तो बाये,” काकी घाईने म्हणाली. “लग्नाच्या फोटोंत माझा काय काम? हौसामावशेन बघितल्यान तर उगाच बोलात.”

“पण हौसाआजी तर स्वतःच…”

“विधवा, होय. म्हणानच तर त्येंका सगळे नियम पाठ.” काकी हसली आणि पुन्हा टाके घालू लागली.

सारिकाने तो फोटो पुसला नाही. दुसऱ्या दिवशी मामांना दाखवला.

मामांनी कॅमेऱ्याचा पडदा डोळ्यांजवळ धरून तो पाहिला. “माझे सगळे अल्बम उघड सारिके, एकाय विधवेचो फोटो मेळूचो नाय. त्यो काय लग्नाक नव्हत्यो? रांदाप त्येंचा, उष्टी-खरकटी त्येंची. कोणी विचारल्यान तर मी म्हणायचंय, माझ्या फ्लॅशचो उजेड थंयसर पोचत नाय.” त्यांनी कॅमेरा खाली ठेवला. “खोटां. मी कधी तकडे वळाकच नाय.”

“मामा, मी पण काल तिला बाजूला हो म्हणाले.”

“आणि ती झाली, मां? लग्नात भटजीचा ऐकनत नाय, पण फोटोवाल्याचा सगळे ऐकतत. ‘हसा’ म्हटला तर हसतत, ‘सरका’ म्हटला तर सरकतत. मगे आपण काय सांगतो, तां आपणच बघूक व्हया. लेन्स खंयची घेतलंस तरी तां काम लेन्स करूची नाय.”

सारिकाने जुना कॅमेरा आणि बुटकी लेन्स घेतली. वाचलेल्या पैशांत एक जादा बॅटरी आणि दोन मेमरी कार्डं आली. मोठ्या ग्रुपच्या फोटोंसाठी मामांनी आपली झूम उसनी दिली. आई म्हणाली, “ह्यो कॅमेरो? लोकांका वाटात, भातुकलीतलो हाडलंस.”

हळदीच्या सकाळी पाच सवाशिणी भक्तीभोवती बसल्या. हौसाबाई खुर्चीतून सूचना देत होत्या. पहिलीने हळदीत हात घातला, आणि भक्तीची नजर माजघराच्या दाराकडे गेली. दाराआड, अर्ध्या काळोखात, शेवंतीकाकी उभी होती. सारिकाला ती नजर लेन्समधून अगदी जवळून दिसली.

तिने कॅमेरा खाली केला. इथे वाद झाला तर पहिलीच ऑर्डर शेवटची ठरली असती.

“शेवंतीकाकी, जरा पुढे येवा. पयली हळद तुमची. फोटो अडलो आसा.”

पाचही सवाशिणींनी माना वळवून दाराकडे पाहिलं.

“तिका कित्याक?” हौसाबाई कडाडल्या. “शुभकार्यात…”

“आजये,” भक्ती शांतपणे म्हणाली, “जिच्या हातान मी न्हालंय, तिचो हात आजच अशुभ झालो? ती लावीत नसात, तर माका हळदच नको.”

काकी आली. पदराला हात पुसत, चोरट्यासारखी. तिची बोटं भक्तीच्या गालावर टेकली आणि दोघींचे डोळे एकदमच भरले. सारिका चार पावलं चालत जवळ गेली आणि तिने बटण दाबलं.

हौसाबाईंनी तोंड फिरवलं होतं. पण त्यांचा हात मात्र मांडीवर अस्वस्थ होता. बोटं एकमेकांवर घासत होती, जणू त्या बोटांनाच हळद लागली होती. ऐन तारुण्यात विधवा झाल्यापासून त्यांनी कुणाच्याच गालाला हळद लावली नव्हती.

“आता हौसाआजी,” सारिका म्हणाली.

“माका कित्याक गो बाये?” त्या पुटपुटल्या. आवाजातली धार मात्र गेली होती. शेवंतीकाकीने हळदीची वाटी त्यांच्यापुढे धरली. हौसाबाईंनी वाटीकडे पाहिलं, भक्तीकडे पाहिलं, आणि दोन बोटं हळदीत बुडवली.

“हस मां जरा,” त्या भक्तीला म्हणाल्या, “फोटो काढता ती.”

वाटी धरलेली काकी आणि हळद लावणाऱ्या हौसाबाई, असा तो फोटो आज त्या घराच्या पडवीत लावलेला आहे. बघायला येणाऱ्यांपैकी कुणीही अजून विचारलेलं नाही की तो कुठल्या कॅमेऱ्याने काढला.

वाचकहो, लग्नघर आपलंही असतं. तिथे कॅमेरा कुणाचा आणि केवढा, यावर आपण भरपूर बोलतो. पण दाराआड कोण उभं आहे, हे आपण वळून पाहतो का? कुणाच्या कपाळावर कुंकू आहे की नाही, यावर तिच्या हाताचं मोल ठरत नाही. त्या हातांनी आपल्याला वाढवलं आहे. त्यांना हाक मारायला मोठं बळ लागत नाही. ‘बाजूला व्हा’ म्हणायच्या जागी ‘पुढे या’ म्हणायचं, एवढंच.