गुडघ्यांना ऐकू येणारी गिटार

मामाने गोडाऊनचं शटर वर ढकललं आणि चपला काढायच्या आधीच दम भरला, "एकच घ्यायचं. पाच वाजता टेम्पो येतोय, उरलेलं सगळं दौऱ्यावर जाणार. मग रडत बसायचं नाही."

"मी कधी रडते?"

"सकाळी फोनवर कोण रडत होतं? तुझी आई?"

"ती विनंती होती, मामा."

मामाचा धंदा आवाज भाड्याने द्यायचा. कार्यक्रम कुणाचाही असो, माइक आणि स्पीकर मामाचे. त्यामुळे त्याच्या गोडाऊनमध्ये चालताना पाय वायरींत आणि डोकं लाइटच्या स्टँडांत अडकतं. मी शाळेतून थेट आले होते, दप्तर अजून पाठीवरच होतं आणि एका जागी उभं राहणं मला जमत नव्हतं.

कारण असं, की त्याच दिवशी, म्हणजे शनिवारी, आम्हाला एक गाणं रेकॉर्ड करून सभागृहवाल्यांना पाठवायचं होतं आणि रविवारी तेच गाणं त्यांच्या स्टेजवर लाइव्ह वाजवायचं होतं. बँड तिघींचा. गाणार ताई, म्हणजे मामाची मुलगी, कॉलेजात जाणारी. ड्रम्सवर माझ्या वर्गातली ढमी. आणि गिटारवर मी. पण माझं 'मी' जरा डळमळीत होतं. मागच्या तालमीनंतर ताईने मला बाजूला घेतलं होतं.

"स्पष्टच सांगते, छोटे. तुझी बोटं चांगली चालतात. पण तुझी गिटार माझं डोकं उठवते."

"डोकं कसलं उठवते? मला तर ऐकूच येत नाही," ढमी मागून ओरडली होती.

"शनिवारपर्यंत आवाज सुधारला नाही, तर रविवारी लांब्या वाजवेल," ताईने निकाल दिला होता.

लांब्या म्हणजे तिच्या कॉलेजातला एक उंच प्राणी. त्याच्याकडे चार स्पीकरचं कॅबिनेट आहे आणि तो ते स्वतःच्या धाकट्या भावासारखं सगळीकडे मिरवतो. गिटार अँपला जोडतात, अँप कॅबिनेटला, आणि कॅबिनेट म्हणजे स्पीकर बसवलेलं लाकडी खोकं. शेवटी जो काही आवाज बाहेर पडतो तो त्यातून. माझ्याकडे अँप होता, पण कॅबिनेट उसनं आणि फाटक्या स्पीकरचं. म्हणजे दोष त्याचा. म्हणजे चांगलं कॅबिनेट मिळालं की लांब्याची सुट्टी. सरळ हिशोब होता.

तेवढ्यात ताई आणि ढमी माझी गिटार, अँप आणि ढमीचे ड्रम्स घेऊन पोचल्या. गोडाऊनमध्ये गिटारची तीनच कॅबिनेटं होती. चार स्पीकरचं एक, माझ्या खांद्याला लागेल एवढं. त्याला आम्ही बघताक्षणी 'कपाट' म्हणालो. दोन स्पीकरचं, सगळीकडून बंद, ती 'पेटी'. आणि कोपऱ्यात एक स्पीकरचं छोटं, मागची फळी अर्धीच असलेलं. ढमीने त्यातून हात आरपार घालून दाखवला. "हे बहुतेक कुणीतरी अर्धवट सोडून दिलंय." ते 'खोकं'.

मी अर्थातच कपाट जोडलं.

देवाशप्पथ सांगते, पहिला सूर वाजवला आणि माझी पँट हलली! छातीत कुणीतरी आतून दार ठोठावतंय असं वाटलं. मी डोळे मिटले, केस उडवले, एक पाय पुढे टाकला. बस्स, हेच! डोळे उघडले तर ताईचं तोंड उघडझाप करत होतं, माशासारखं.

"गा ना!" मी ओरडले.

"गातेच आहे!" ती म्हणाली असावी.

आवाज कमी केला तर कपाटाचा रुबाबच गेला. वाघाला कुजबुजायला सांगितल्यासारखं झालं. मामा भिंतीला टेकून म्हणाला, "घे तेच. जड वस्तू कधी वाईट नसते," आणि कमरेवर हात ठेवून कण्हला, म्हणजे त्याच्या मताची किंमत त्याची कंबर देत होती.

घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवून मी दर मिनिटाला बघत होते. पेटी जोडली. ही नीटनेटकी होती, जाड सूर घट्ट येत होते. पण मला ती दबलेली वाटली, उशीखाली ठेवल्यासारखी. मी अँपवरचं बारीक सुरांचं, म्हणजे ट्रेबलचं, बटण वाढवलं. अजून वाढवलं. आता कुठे मला माझी गिटार ऐकू यायला लागली, तर समोर उभ्या ताईने दोन्ही कानांत बोटं घातली.

"बंद कर! सुरी फिरवतेस का काय?"

"अगं, किती मऊ येतोय!"

"मऊ? ढमे, तू सांग."

ढमी ड्रम्सच्या मागून, म्हणजे पेटीच्या पाठीमागून म्हणाली, "काय सांगू? मला अजून नुसती घूंघूं येतेय."

"तुम्ही दोघींनी आधीच ठरवलंय," मी म्हटलं. "लांब्यालाच घ्यायचंय ना? मग सरळ सांगा की! एक म्हणते कान फाटले, एक म्हणते ऐकू येत नाही. एकीने तरी खरं बोला!"

मी गिटार काढून ढमीच्या गळ्यात अडकवली आणि गोडाऊनच्या दुसऱ्या टोकाला, पाण्याच्या माठाकडे गेले. तहान लागली होती असं नाही, पण तोंड फिरवायला काहीतरी हवं होतं.

ढमीला गिटार येत नाही. तिने आपलं सगळ्या तारांवरून अंगठा फिरवला. खर्रँग.

माझ्या हातातला पेला हिंदकळला. आवाज थेट कपाळावर येऊन आदळला. लांब असले तरी पेटीच्या अगदी नाकासमोरच्या रेषेत उभी होते मी.

"परत वाजव."

"सॉरी, चुकून..."

"वाजव गं, परत!"

मी दोन पावलं डावीकडे सरकले. सुरी गेली. आणखी सरकले. आता नुसती घूंघूं. परत मध्ये आले, सुरी! ती वाजवत राहिली आणि मी त्या गोडाऊनमध्ये वायरी ओलांडत, स्टँडाखालून वाकून, येड्यासारखी इकडून तिकडे धावत राहिले. दोघीही खरं बोलत होत्या. बारीक सूर बॅटरीच्या झोतासारखे सरळ पुढे जात होते आणि झोतात फक्त ताई उभी राहायची. आणि मी? मी नेहमी कॅबिनेटला खेटून उभी. ते जमिनीवर, माझे कान वर. झोत माझ्या गुडघ्यांवर पडायचा. मला ऐकू येत नाही म्हणून मी बारीक सूर वाढवायचे आणि ते सगळे ताईच्या कानात जायचे.

"मामा, मी आजवर माझी गिटार ऐकलीच नव्हती! गुडघ्यांनी ऐकत होते!"

"मेंदू तिथे आहे हे माहीत होतं," मामा म्हणाला. "कानही तिथेच निघाले म्हणायचे."

मी पेटीसमोर फतकल मारून बसले, कान स्पीकरच्या उंचीला. ढमीने वाजवलं. शी! हे मी ताईला महिनाभर ऐकवत होते? बारीक सुरांचं बटण मी पार खाली आणलं. मग धावत जाऊन खोकं ओढून आणलं. एकटीने, एका हाताने! ते अर्धवट फळीचं खोकं एका क्रेटवर ठेवलं, अँपला जोडलं आणि मागे रेलवलं, म्हणजे तोंड माझ्या तोंडाकडे. बसून ऐकलं, उभं राहून ऐकलं, ड्रम्सच्या मागे जाऊन ऐकलं. पाठ उघडी असल्यामुळे आवाज मागेही सांडत होता. मग गिटार मी गळ्यात घेतली आणि ढमीला ड्रम्सच्या मागे पाठवलं.

"ए, मला येतंय ऐकू!" ढमी म्हणाली. "हे तू वाजवतेस तेव्हा असं असतं? बरं असतं की."

"पण हॉल केवढा आहे," मी पुन्हा डगमगले. "हे तिथे पुरेल?"

"तिथे प्रत्येक वाद्यासमोर माइक असतो, मी विचारलंय," ताई म्हणाली. "लोकांपर्यंत न्यायचं काम हॉलचे स्पीकर करतील. तू फक्त आम्हाला तिघींना पुरायला हवीस."

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. ड्रायव्हर आणि मामाने कपाट उचललं. मामाने दारात थांबून विचारलं, "नक्की ना? हे गेलं की गेलं." कपाटाची जाळी उन्हात चमकली. आत्ता 'थांब' म्हटलं असतं तर? रविवारी लोक काय बघतील, एवढंसं खोकं? मी दोन्ही हात काखेत दाबून धरले.

"ने," मी म्हटलं. आवाज जरा फाटलाच.

मग रेकॉर्डिंग. ताईने लॅपटॉप उघडला, माइक खोक्याच्या जाळीसमोर अगदी मधोमध लावला. हेडफोनमध्ये परत तीच सुरी, छोटी आवृत्ती. आता मला तिचा स्वभाव कळला होता. माइक मी स्पीकरच्या कडेकडे सरकवला, बोटाच्या पेराएवढा, मग आणखी थोडा, आणि आवाज गोल झाला.

पहिल्यांदा मी चुकले. दुसऱ्यांदा ढमीची काठी उडाली आणि मामाच्या चहात पडली. तिसऱ्यांदा आम्ही शेवटपर्यंत पोचलो.

ताईने हेडफोन लावले. मी नखं खाल्ली, दप्तराची चेन उघडली, बंद केली, उघडली. गाणं संपलं. तिने परत सुरुवातीपासून लावलं.

"काय झालं? कुठे चुकलं?"

"शू. माझा आवाज ऐकतेय," ती म्हणाली. "तुझ्या गिटारबरोबर पहिल्यांदाच ऐकू येतोय."

"आणि गिटार?"

"ती आहेच की. काढली तर मी कशाला धरून गाऊ?"

मी उडी मारली आणि माझा पाय माइकच्या स्टँडाला लागला. कळ डोक्यापर्यंत गेली, पण ओरडायला वेळ नव्हता.

"लांब्याला फोन करते," ताई म्हणाली. "रविवारी नको म्हणून."

"दे इकडे, मी सांगते."

"तू? त्याच्याशी बोलताना तुझी बोबडी वळते."

"वळायची," म्हणत मी फोन हिसकावला. रिंग जात होती आणि मला वाटत होतं त्याने उचलूच नये, आणि लवकर उचलावा. उचलला.

"मी बोलतेय. गिटारवाली. रविवारी मीच वाजवतेय."

"अरे वा," लांब्या म्हणाला. "मिळालं का कॅबिनेट? किती स्पीकरचं?"

"एक."

तो हसायला लागला. बराच वेळ हसला. ढमी माझ्याकडे बघत होती, ताई बघत होती. माझे कान तापले, पण पाय जागच्या जागी होते.

"हसून झालं की सांग," मी म्हटलं. "तुझं रविवारचं तिकीट काढून ठेवायचंय."