खुब्याची पुढची कड

दिग्विजयचा डावा खुबा दोन वर्षं ठणकत होता. कुपवाडला लेथवर दिवसभर उभं राहायचं काम. शेजारच्या मशीनवरच्या नानासोनं एकदा त्याच्या कमरेला सपाटी बघायची स्पिरिट लेव्हल लावली, तर तिच्यातला बुडबुडा एका अंगाला पळाला. झालं, डावा पाय आखूड. दोघांनी सहा एमएमची ॲल्युमिनियमची पट्टी कापून बुटात बसवली. दुखणं लयच वाढलं.

मग मिरजेत एक्स-रे झाला. खुब्याची वाटी जन्मापासूनच उथळ निघाली. वाटी कापून फिरवता येईल की थेट सांधाच बदलायचा, हे थ्रीडी सीटीवर ठरणार होतं. वय एकतीस. कृत्रिम सांध्यावर लेथ किती वर्षं चालणार, या काळजीनं त्याला जेवण गोड लागत नव्हतं.

आज रिपोर्ट होता. नानासो सोबत आलेला.

"पाय दोन्ही सारखेच आहेत," डॉक्टर भाग्यश्री मॅडम म्हणाल्या. "दुखतं म्हणून तुम्ही कलून उभे राहता."

"म्हंजी लेव्हल बरोबर हुती. आमचंच डोस्कं वाकडं," नानासो म्हणाला.

मॅडमनी स्क्रीनवर कमरेचं हाड फिरवलं. दिग्विजय काळजी विसरून पुढं सरकला.

"मॅडम, वाटीची ही पुढची कड कमी हाय, ते एक्स-रेत का दिसलं न्हाई?"

"एक्स-रे सपाट असतो. पुढची आणि मागची कड एकावर एक पडते."

"एकाच बाजूच्या ड्रॉइंगवरनं लेथवर जॉब काढल्यागत. मांडीचं हाड बाजूला काढता येतंय का? नुसती वाटी बघायचीय."

मॅडम हसल्या. एक बटण दाबलं आणि मांडीचं हाड वरच्या गोळ्यासकट गायब. आतली वाटी उघडी पडली. दिग्विजयनं हवेतच तिच्या कडेवरनं बोट फिरवलं. मागं भिंत भरलेली, वर जरा कमी, पुढं मात्र कड जवळजवळ नव्हतीच.

"फिरवून पुढं आणली, तर मागनं गोळा उघडा पडंल की."

मॅडमनी चित्र फिरवून वाटीची मागची बाजू समोर आणली. "तेच मोजायला सीटी काढला. तुमची मागची भिंत भरपूर आहे. थोडी पुढं दिली तरी पुरते. आणि सांध्यातली फट अजून चांगली आहे, म्हणजे कूर्चा झिजलेली नाही. वाटी फिरवता येईल."

"सांधा माजाच ऱ्हातोय नव्हं?"

"तुमचाच. पण पाच-सहा महिने लेथ बंद."

दिग्विजयनं नानासोकडं बघितलं.

"तुजी मशीन मी सांबाळतो गड्या," नानासो म्हणाला. "पर आल्यावर सेटिंग बिघडवलं म्हणून बोंबलायचं न्हाई."

"मग करा मॅडम." दिग्विजय पुन्हा स्क्रीनकडं वळला. "हाड कापायला काय वापरता?"

"छिन्नी आणि हातोडी."

नानासोचं तोंड पांढरं पडलं. दिग्विजयनं खुर्ची आणखी पुढं ओढली.

"किती रुंदीची छिन्नी?"