फुलांवरचा बर्फ

मित्रांनो, मी एक जुना पाण्याचा पंप आहे. रंग उडालेला, आणि आवाज असा की कावळेसुद्धा दचकतात. नवा होतो तेव्हा मालकीणबाईंनी कौतुकाने माझ्यावरून हात फिरवला होता. त्यांच्या सफरचंदाच्या बागेत मी उन्हाळाभर राबतो. पण खरी कसोटी फुलोऱ्यात. पहाटे थंडी शून्याखाली उतरते, आणि फुलं मेली की वर्षभर फळ नाही.

अशा वेळी मी झाडांवर पाणी उडवतो. हसू नका! पाणी गोठताना पोटातली ऊब बाहेर सोडतं. शाळेत तिला अप्रकट उष्मा म्हणतात. गोठणं चालू आहे तोवर फूल शून्यापाशीच राहतं, आणि तेवढी थंडी ते सोसतं. मात्र पाण्यात खंड पडता कामा नये.

त्या पहाटे बाई तुंबलेले फवारे मोकळे करायला बागेच्या टोकाला गेल्या. माझ्यापाशी त्यांचे दीर होते, नुकतेच मदतीला आलेले. माणूस जिवाला जीव देणारा, पण भारी उतावळा. त्यांनी टॉर्च मारला, तर फुलांवर बर्फाचं कवच!

"अरे देवा, फुलं गोठली की!" म्हणत त्यांनी माझं बटण बंद केलं.

नको हो, नको! पण मी ओरडणार कसा? पाणी थांबलं, गोठणं थांबलं, ऊब संपली. आता तो बर्फही हवेसारखा गारठत चालला, शून्याखाली, आणखी खाली. माझ्या डोळ्यांदेखत फुलं मरत होती आणि मी नुसता लोखंडाचा गोळा.

आवाज थांबला तशा बाई धावत आल्या. "भावोजी, बंद का केला?"

"बर्फ जमला होता, वहिनी. म्हटलं, फुलं वाचतील."

"अहो, तो बर्फ होतानाच त्यांना ऊब मिळते! सुरू करा आधी!"

मी नुसताच घरघरलो. पाइपांत बर्फ अडकला होता. दोघांनी घरातून गरम पाणी आणून ओतलं. मी जीव खाऊन फिरलो. पाणी चढलं तेव्हा उजाडलं होतं.

बाईंनी एक फूल नखाने उघडलं. आत काळं. दुसरंही काळं. दीर पुढे आले.

"वहिनी, मला बोला तरी काहीतरी."

बाई तिसरं फूल उघडत होत्या.

मित्रांनो, हात जोडतो, चालतं काम बंद करण्याआधी एकदा विचारा. मला तर बोलताच येत नाही. पण बाई काही परगावी नव्हत्या हो, बागेतच होत्या.