बाजेखालची शेगडी

आठव्या दिवशीही सासूबाईंनी कडकडीत पाण्यानं मला न्हाऊ घातलं, बाजेखाली शेगडी सरकवली, निखाऱ्यांवर ओवा टाकला आणि दार ओढून घेतलं. बाळंतिणीला शेक द्यावा तर पुतळाबाईंनीच, असं अख्खं मांडवगण म्हणतं. त्याचा त्यांना तोराही होता.

मला तीन वर्षांपासून एमएस आहे. मेंदूचे निरोप अंगभर नेणाऱ्या नसांवरचं आवरण जागोजाग खराब होतं. उष्णतेनं त्रास बळावतो, गारव्यात बसलं की उतरतो, हे डॉक्टरांनी बजावलं होतं. नवऱ्याला, दत्ताला, ते ठाऊक होतं. सासूबाईंना मात्र आम्ही नुसता अशक्तपणा सांगितला होता. गावात बोभाटा नको, हे शहाणपण माझंच.

मी बाजेच्या कडेला बसून बाळाला पाजत होते. डाव्या डोळ्यापुढं धुकं आलं, मग बोटं बधिर झाली. खाली शेगडी अर्धी बाहेर आलेली. बाळाला मागं ठेवावं तर हात कुठं आहेत तेच कळेना. उठावं तर पायांत जीव नव्हता. इतकी घाबरले की जोरात हाक मारली तर बाळ दचकून निसटेल, अशी भीती वाटली.

"आत्या," मी सासूबाईंना हळूच हाक मारली.

"आजून घाम येऊ दे," त्या बाहेरूनच म्हणाल्या.

"आधी बाळ घ्या. माझ्या हाताला बाळ कळत न्हाई."

त्या धावत आल्या आणि बाळ उचललं. मग मी तीन वर्षांचं सगळं सांगून टाकलं. स्वतःचाच संताप येत होता.

"म्हंजी आठ दिस मी तुला भाजत व्हते, आन् तू गप?"

"तुमचं मन मोडंल म्हणून."

"मोडलं असतं तर मोडलं असतं. पोर पडलं असतं म्हंजी?"

त्यांनी निखारे अंगणात नेऊन विझवले, माझ्या मानेवर ओलं फडकं ठेवलं आणि दत्ताला डॉक्टरांना फोन करायला लावला. तासाभरात बोटं परत आली. डोळा निवळायला दुपार झाली.

संध्याकाळी शेजारच्या रंगुबाई आल्या. दार सताड उघडं, वर पंखा चालू.

"पुतळे, बाळंतिणीला पंखा? शेक कुठंय?"

मी श्वास रोखून सासूबाईंकडं पाहिलं. अशक्तपणा आहे, एवढं म्हणून त्या सहज सुटल्या असत्या.

"तिला एमएस हाय," त्या अडखळत, पण स्पष्ट म्हणाल्या. "नसांचा आजार. गरमी चालत न्हाई. बस, समदं सांगते."

आणि उठून त्यांनी पंखा वाढवला.